मतपेटीतून न्यायासनावर

क्लीव्हलँड हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, एरी सरोवराच्या काठावरचं मोठं शहर. १९०९ साली या शहरातल्या युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. कितीही मार्क मिळवा, मुलगी म्हटलं की विषय संपला. त्यानंतर ११ वर्षांनी याच शहरातल्या मतदारांनी एका बाईला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं. आणखी दोन वर्षांनी ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आली. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेली ती पहिली स्त्री. तिचं नाव फ्लॉरेन्स एलिनवूड ॲलन.

हे कसं जमलं ते समजून घ्यायचं तर आधी दोन गोष्टी माहीत हव्यात, कारण तिथली कोर्टं आपल्यासारखी नाहीत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय एकच, दिल्लीतलं. तालुक्याच्या कोर्टापासून तिथपर्यंत एकच साखळी. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचं स्वतःचं संविधान असतं, स्वतःची कोर्टं असतात आणि त्या सगळ्यांच्या वर राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. खून, चोरी, जमिनीचे वाद, करार, घटस्फोट अशी रोजची बहुतेक प्रकरणं राज्याच्याच कोर्टांत चालतात. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, हे सांगताना त्या न्यायालयाचा शब्द शेवटचा. केंद्र सरकारची, म्हणजे फेडरल कोर्टांची, रांग वेगळी.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त चमत्कारिक वाटेल. ओहायोत न्यायाधीश निवडणूक लढवून येतात. सहा वर्षांची मुदत, आमदारासारखा प्रचार, सभा, पत्रकं, मतमोजणी, सगळं. फेडरल न्यायाधीशांना मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट त्यावर शिक्कामोर्तब करतं आणि नेमणूक तहहयात असते. फ्लॉरेन्स ॲलन या दोन्ही रांगांत बसल्या. त्यामुळे त्यांच्या करिअरकडे पाहताना एक प्रश्न सतत डोळ्यासमोर राहतो. दाराची किल्ली नेमकी कुणाकडे आहे? मतदारांकडे की खोलीत आधीच बसलेल्यांकडे?

पियानो सुटला

फ्लॉरेन्सचा जन्म २३ मार्च १८८४ चा, युटामधल्या सॉल्ट लेक सिटीतला. वडील क्लॅरेन्स ॲलन मूळचे ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक. तब्येतीच्या कारणानं ते ओहायो सोडून पश्चिमेकडे आले, खाण व्यवसायात शिरले, राजकारणातही उतरले. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात या राज्याचे पहिले प्रतिनिधी तेच होते. आई कोरिन ही स्मिथ कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. मुलीला ग्रीक आणि लॅटिनचे धडे घरातच, वडिलांकडून मिळाले.

या बालपणातली एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. युटा राज्य झालं ते स्त्रियांच्या मताधिकारासकटच. म्हणजे फ्लॉरेन्स १२ वर्षांची असताना तिच्या आजूबाजूच्या बायका मतदान करत होत्या आणि त्यामुळे जग काही बुडालं नव्हतं. पुढे ती ओहायोत शिकायला आली तेव्हा तिथल्या बायकांना मत नव्हतं. जी गोष्ट एका राज्यात रोजची, ती दुसऱ्या राज्यात अशक्य कशी, हा प्रश्न तिला पुस्तकातून पडलेला नव्हता.

तरी वकील व्हायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. तिला पियानोवादक व्हायचं होतं. १९०४ मध्ये क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीच्या महिला महाविद्यालयातून पदवी घेऊन ती संगीत शिकायला बर्लिनला गेली. दोन वर्षं रियाज केला. मग हाताच्या नसेला इजा झाली आणि रंगमंचावर वाजवण्याचा विषय संपला. वय २२. इतकी वर्षं ज्याची तयारी केली ते करिअर सुरू व्हायच्या आधीच बंद.

ती क्लीव्हलँडला परत आली. मुलींच्या शाळेत शिकवू लागली आणि शहरातल्या 'प्लेन डीलर' या दैनिकात संगीत समीक्षा लिहू लागली. सोबत राज्यशास्त्रात एमए सुरू केलं आणि १९०८ मध्ये पूर्ण केलं. सरकार कसं चालतं याचा अभ्यास करता करता कायद्याची गोडी लागली. आता प्रश्न प्रवेशाचा होता. ज्या युनिव्हर्सिटीनं तिला दोन पदव्या दिल्या, त्याच युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलला मुलगी चालत नव्हती.

मग तिनं शिकागो गाठलं. तिथे एक वर्ष काढून ती न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये गेली. तिथे मुलींना प्रवेश होता. शिकता शिकता स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी केली, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत मॉड वूड पार्क यांच्याबरोबर काम केलं. १९१३ मध्ये वर्गात दुसरा नंबर मिळवून ती पास झाली. बर्लिनहून रिकाम्या हातानं परतल्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.

सनद, सभा आणि एक युक्तिवाद

१९१४ मध्ये फ्लॉरेन्स ॲलन यांना ओहायोत वकिलीची सनद मिळाली. क्लीव्हलँडमध्ये त्यांनी स्वतःचंच ऑफिस थाटलं. गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेसाठी केसेस घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात मताधिकारासाठी राज्यभर फिरायचं, असा दिनक्रम सुरू झाला.

फिरणं त्यांना नवीन नव्हतं. १९१२ मध्ये, विद्यार्थिनी असतानाच, त्यांनी ओहायोच्या ८८ जिल्ह्यांपैकी बहुतेक जिल्हे सभा घेत पालथे घातले होते. चौकात, मैदानात, जिथे चार लोक थांबतील तिथे भाषण. त्या वर्षी स्त्रियांना मत देण्याचा प्रस्ताव सार्वमतात पडला. १९१४ मध्ये पुन्हा पडला. १९१७ मध्ये विधिमंडळानं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपुरतं मत दिलं, तर विरोधकांनी तोही कायदा सार्वमताला लावून पाडला. मतदान फक्त पुरुष करत होते आणि स्त्रियांना मत द्यायचं की नाही हेही तेच ठरवत होते.

या सगळ्या पराभवांच्या मधे एक विजय आला, आणि तो कोर्टात आला. क्लीव्हलँडला लागून ईस्ट क्लीव्हलँड नावाचं छोटं स्वतंत्र शहर आहे. १९१६ मध्ये त्या शहरानं स्वतःच्या सनदेत स्त्रियांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत दिलं. लगेच वाद कोर्टात गेला. राज्याचं संविधान मतदार म्हणजे पुरुष असं सांगत असताना शहराला हा अधिकार कुठून आला, असा आक्षेप होता.

शहराच्या बाजूनं ॲलन उभ्या राहिल्या. त्यांचा मुद्दा साधा आणि नेमका होता. ओहायोच्या संविधानानं १९१२ मध्ये शहरांना स्वतःचा कारभार स्वतः ठरवण्याचा हक्क दिलेला आहे. आपले नगरसेवक कुणी निवडायचे हा त्या कारभाराचाच भाग आहे. राज्याच्या निवडणुकांचा नियम तिथे लागू होत नाही. स्त्री-पुरुष समतेवर व्याख्यान देण्याऐवजी त्यांनी संविधानातल्या एका तरतुदीवर बोट ठेवलं. १९१७ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं हा युक्तिवाद मान्य केला. त्याच वर्षी लेकवूड आणि राजधानी कोलंबस या शहरांतही स्त्रियांना पालिकेपुरतं मत मिळालं.

त्या वेळी सनद मिळून जेमतेम तीन वर्षं झाली होती. ज्या न्यायालयापुढे त्या उभ्या होत्या तिथल्या खुर्चीत त्या स्वतः सहा वर्षांनी बसणार होत्या.

दहा आठवड्यांची निवडणूक

१९१९ मध्ये ॲलन क्लीव्हलँडच्या कायाहोगा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सहायक सरकारी वकील झाल्या. फौजदारी खटल्यांचा अनुभव तिथे मिळाला. आणि मग १९२० चा ऑगस्ट आला. २६ ऑगस्टला अमेरिकेच्या संविधानातली १९ वी दुरुस्ती लागू झाली आणि देशभरातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. नोव्हेंबरच्या निवडणुकीला जेमतेम दहा आठवडे उरले होते.

ॲलन यांनी ठरवलं, जिल्ह्याच्या कॉमन प्लीज कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी उभं राहायचं. हे कोर्ट साधारण आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयासारखं. अडचण अशी की पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी आधीच होऊन गेली होती. एकच वाट शिल्लक होती, मतदारांच्या सह्या गोळा करून अपक्ष म्हणून अर्ज भरण्याची. मताधिकार चळवळीतल्या बायका पुन्हा रस्त्यावर उतरल्या. दारोदार जाऊन सह्या घ्यायच्या, सभा भरवायच्या, पत्रकं वाटायची, हे काम त्या कित्येक वर्षं करत आल्या होत्या. तेव्हा मत मागायचा हक्क हवा म्हणून केलं, आता तेच काम उमेदवारासाठी.

ओहायोची पद्धतही मदतीला आली. न्यायाधीशपदाच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचं नाव छापलं जात नसे. ॲलन डेमोक्रॅटिक पक्षाच्या. तो नोव्हेंबर मात्र रिपब्लिकन लाटेचा होता. राष्ट्राध्यक्षपदासाठी लढणारे दोन्ही प्रमुख उमेदवार, हार्डिंग आणि कॉक्स, ओहायोचेच होते आणि रिपब्लिकन हार्डिंग यांनी मैदान मारलं. त्या लाटेतही ॲलन निवडून आल्या. आयुष्यात पहिल्यांदा मतदान करणाऱ्या हजारो बायकांच्या मतपत्रिकेवर एका बाईचं नाव होतं.

घटस्फोटाचं कोर्ट नको

नव्या न्यायाधीशाला काम काय द्यायचं यावर सहकाऱ्यांनी एक तोडगा काढला. घटस्फोटाची सगळी प्रकरणं बाईंकडे द्यावीत. बाई आहेत, घरातले वाद त्यांना बरे कळतील.

वरवर पाहता हा मान होता, पण ॲलन यांना त्यातला डाव कळला. एकदा त्या कोपऱ्यात बसलं की खून, दरोडे, मोठे दिवाणी दावे यांच्याशी संबंधच राहणार नव्हता. मग पुढच्या निवडणुकीत त्यांना गंभीर न्यायाधीश कोण मानणार? त्यांनी नकार दिला, तोही हसत हसत. आपलं तर लग्नच झालेलं नाही, संसाराचा अनुभव आपल्या पुरुष सहकाऱ्यांनाच जास्त आहे, तेव्हा हे काम त्यांनीच करावं, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्यांनी विषय मिटवला. बाकीच्या न्यायाधीशांसारखे सगळ्या प्रकारचे खटले त्यांच्याकडे येऊ लागले.

ते खटले सोपे नव्हते. क्लीव्हलँडच्या म्युनिसिपल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश विल्यम मॅकगॅनन यांच्यावर एका खुनाचा आरोप होता. त्यातून ते सुटले, पण खोटी साक्ष दिल्याबद्दल पुन्हा खटला उभा राहिला. तो ॲलन यांच्यापुढे चालला. शहरातला एक बडा न्यायाधीश आरोपीच्या जागी आणि न्यायासनावर जेमतेम काही महिन्यांपूर्वी आलेली बाई. ज्युरीनं दोषी ठरवलं आणि ॲलन यांनी त्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. या प्रकरणानं शहर इतकं हादरलं की क्लीव्हलँडच्या फौजदारी न्यायव्यवस्थेची सविस्तर पाहणी करवून घेतली गेली. रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या हार्वर्डच्या दोन नामांकित प्राध्यापकांनी तिची सूत्रं सांभाळली. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अहवाल या विषयातला महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो.

दुसरा खटला फ्रँक मोटो या गुंडाचा. एका कारखान्याच्या पगाराची रक्कम लुटताना दोघांचे खून झाले होते. ज्युरीनं मोटोला दोषी धरलं आणि ॲलन यांना मृत्युदंड सुनवावा लागला. अमेरिकेत मृत्युदंडाची शिक्षा सुनावणाऱ्या त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश ठरल्या. बाई न्यायाधीश झाली तर गुन्हेगारांच्या बाबतीत पाघळेल, ही शंका तोवर अनेकांच्या मनात होती. शिक्षा योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, पण कायदा जे सांगतो ते करताना त्या कचरत नाहीत, हे सगळ्यांना दिसलं.

कोलंबसमधली ११ वर्षं

१९२२ मध्ये ॲलन यांनी थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवली. ट्रायल कोर्टात फक्त दोन वर्षं झालेली, वय ३८. हा मतदारसंघ म्हणजे अख्खं राज्य. पुन्हा अपक्ष अर्ज, पुन्हा सह्या. जुन्या मताधिकार समित्यांचं जाळं गावोगाव होतंच. त्यातून फ्लॉरेन्स ॲलन क्लब उभे राहिले. पैसा बेताचाच होता, पण माणसं भरपूर होती. १९१२ मध्ये ज्या जिल्ह्यांत भाषणं करून त्या हरल्या होत्या, त्याच जिल्ह्यांनी दहा वर्षांनी त्यांना मतं दिली.

जानेवारी १९२३ पासून त्या कोलंबसमध्ये सात जणांच्या न्यायालयात बसू लागल्या. सुरुवातीच्याच काळात या न्यायालयापुढे आलेले प्रश्न बघा. क्लीव्हलँडनं महापौराऐवजी व्यावसायिक सिटी मॅनेजर नेमून शहर चालवायचं आणि नगरसेवक प्रमाणशीर प्रतिनिधित्वानं निवडायचे असं ठरवलं होतं. हे संविधानाला धरून आहे का? संपावर गेलेल्या कामगारांना शांततेनं निदर्शनं करता येतात का? दोन्ही प्रश्नांना १९२३ मध्ये या न्यायालयानं होय असं उत्तर दिलं. कामगार, नगरपालिका, विमा, कर, रस्ते, शाळा, असं माणसाच्या रोजच्या जगण्यातलं सगळं राज्याच्या न्यायालयात येतं आणि त्यावरचा निकाल अख्ख्या राज्याला लागू होतो.

१९२८ मध्ये पुन्हा निवडणूक आली. या वेळी ॲलन सुमारे साडेतीन लाखांच्या फरकानं जिंकल्या. सहा वर्षांपूर्वी लोकांनी एका नव्या कल्पनेला मत दिलं असेल. आता मत कामाला होतं.

पण मतदार काही दर वेळी प्रसन्न होत नसतो. १९२६ मध्ये ॲलन यांनी अमेरिकन सिनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली आणि ॲटली पॉमरीन यांच्याकडून त्या हरल्या. १९३२ मध्ये प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवली. ते वर्ष रूझवेल्ट यांच्या लाटेचं, पक्ष त्यांचाच, तरी त्या हरल्या. न्यायाधीश म्हणून ज्यांना त्या हव्या होत्या, त्यांना खासदार म्हणून नको होत्या. पक्षाचं नाव छापलेली मतपत्रिका आणि न छापलेली मतपत्रिका यांत किती फरक पडतो, हे या दोन आकड्यांतून कळतं, साडेतीन लाखांचा विजय आणि चार वर्षांनी पराभव.

निवडणुकीनं न्यायाधीश नेमावेत का, यावर आजही वाद आहे, आणि तो रास्त आहे. ज्याला सहा वर्षांनी मतं मागायची आहेत तो लोकांना न आवडणारा निकाल निर्भयपणे देईल का? प्रचाराला पैसा देणाऱ्याचा खटला समोर आला तर? पण ॲलन यांच्या बाबतीत दुसरी बाजूही दिसते. १९२० च्या अमेरिकेत राज्यपालांनी किंवा राष्ट्राध्यक्षांनी एखाद्या बाईला अशा पदावर आपणहून नेमलं असतं, याची शक्यता फार कमी होती. मतदारांनी ते केलं, दोनदा केलं आणि त्यानंतरच नेमणूक करणाऱ्यांची हिंमत झाली.

वीज कंपन्यांचा खटला

मार्च १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ॲलन यांना सहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टात नेमलं. ओहायो, मिशिगन, केंटकी आणि टेनेसी या चार राज्यांमधली फेडरल अपिलं या कोर्टात येतात. राष्ट्राध्यक्षांनी एका बाईला या पातळीवर नेमण्याची ही पहिलीच वेळ होती. ही बातमी ऐकून त्या कोर्टातल्या एका न्यायमूर्तींनी अंथरूण धरलं, असा किस्सा नंतर सांगितला जाई. सहकारी न्यायाधीश ज्या क्लबात दुपारचं जेवण घेत तिथे बायकांना प्रवेश नव्हता. कोर्टात बरोबरीनं बसायचं आणि जेवायला मात्र वेगळं, अशी ती व्यवस्था. ॲलन यांनी त्यावर तक्रारीचा सूर लावला नाही. पेटंटसारखी किचकट, यंत्रांच्या तांत्रिक तपशिलांनी भरलेली प्रकरणं त्या मन लावून अभ्यासत आणि निकाल लिहीत.

मग आला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला खटला. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, रूझवेल्ट सरकारनं टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन केली होती. टेनेसी नदीवर धरणं बांधून पूर आटोक्यात आणायचा, नदी जहाजांना चालती करायची आणि तयार होणारी वीज स्वस्तात विकायची. वर्षानुवर्षं अंधारात असलेल्या गरीब खेड्यांसाठी ही मोठी गोष्ट होती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर उभं राहिलेलं दामोदर खोरे महामंडळ याच नमुन्यावर बेतलेलं आहे.

खासगी वीज कंपन्यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. सरकारला धंद्यात उतरायचा अधिकार संविधानानं दिलेला नाही, असं म्हणत १८ कंपन्या कोर्टात गेल्या. तीन न्यायाधीशांचं विशेष खंडपीठ बसलं आणि अध्यक्षस्थानी होत्या ॲलन. नोव्हेंबर १९३७ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात सुनावणी सुरू झाली. दोन्हीकडे नामांकित वकिलांची फौज. आठवड्यांमागून आठवडे अभियंते, नकाशे, पाण्याच्या पातळीचे आकडे यांवर साक्षी चालल्या.

जानेवारी १९३८ मध्ये निकाल आला. नदीतली वाहतूक आणि पूर यांवर केंद्र सरकारचा अधिकार आहे. धरणं त्या कामासाठी उपयोगी आहेत. त्यातून वीज तयार होत असेल तर ती विकणं बेकायदा नाही. कंपन्यांना स्पर्धेमुळे तोटा होतो, पण कायदेशीर स्पर्धेमुळे होणारा तोटा म्हणजे हक्कभंग नव्हे. खंडपीठानं कंपन्यांचा दावा फेटाळला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल कायम ठेवला. त्या कंपन्यांना असा दावा लावण्याचाच हक्क नाही, हे तिथलं मुख्य कारण होतं. खोऱ्यातल्या धरणांचं काम थांबलं नाही.

नऊ खुर्च्या

यानंतर दहा-पंधरा वर्षं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली की ॲलन यांचं नाव चर्चेत येई. अनुभव कमी म्हणावा तर ट्रायल कोर्ट, राज्याचं सर्वोच्च न्यायालय, फेडरल अपील कोर्ट, सगळं झालेलं. त्या काळात त्या नऊ खुर्च्यांवर बसलेल्या अनेकांना यातला निम्मा अनुभवही नव्हता.

१९४९ च्या उन्हाळ्यात न्यायमूर्ती मर्फी आणि न्यायमूर्ती रटलेज यांचं पाठोपाठ निधन झालं. एकदम दोन जागा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या महिला विभागाच्या प्रमुख इंडिया एडवर्ड्स यांनी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्याकडे ॲलन यांच्या नावाचा आग्रह धरला. एडवर्ड्स यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की ट्रुमन यांची ना नव्हती, पण त्यांनी सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांना विचारलं आणि न्यायमूर्तींकडून नकार आला. बाई आली तर बंद दाराआडच्या चर्चेत बूट काढून, गळ्याची बटणं सैल करून मोकळेपणी बसता येणार नाही, ही त्यांची अडचण.

कायद्याचं ज्ञान, निकालांची गुणवत्ता, वय, प्रकृती, यातलं काहीही आड आलं नाही. आड आले ते बूट. त्या दोन जागा टॉम क्लार्क आणि शर्मन मिंटन यांना मिळाल्या. १९२२ मध्ये सबंध ओहायोची मतं मिळवणाऱ्या बाईला आठ-नऊ माणसांची सोय ओलांडता आली नाही.

ॲलन आपल्या कोर्टात काम करत राहिल्या. १९५८ मध्ये त्या सहाव्या सर्किटच्या मुख्य न्यायाधीश झाल्या, आणि फेडरल अपील कोर्टाचं हे पद मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री. गंमत म्हणजे यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. हे पद सेवाज्येष्ठतेनं मिळतं. २४ वर्षं तिथे बसलेल्या बाईला नियमानंच पुढची खुर्ची दिली. १९५९ मध्ये त्या पूर्णवेळ कामातून निवृत्त झाल्या. १९६५ मध्ये त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं आणि १२ सप्टेंबर १९६६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, ओहायोतच त्यांचं निधन झालं.

१९३४ मध्ये फेडरल अपील कोर्टात ॲलन पहिल्या म्हणून गेल्या. दुसरी स्त्री, शर्ली हफस्टेडलर, तिथे पोचली १९६८ मध्ये. मधे ३४ वर्षं गेली. पहिलीनं काम चोख केलं की पुढच्यांसाठी रस्ता आपोआप मोकळा होतो, असं आपण सहज म्हणून जातो. ॲलन यांच्या कामात खोट काढता येत नव्हती, तरी त्यांच्या हयातीत त्या पातळीवर दुसरी बाई आली नाही.

सर्वोच्च न्यायालयातली पहिली स्त्री, सँड्रा डे ओकॉनर, १९८१ मध्ये नेमली गेली. ॲलन यांना जाऊन तेव्हा १५ वर्षं झाली होती. ओकॉनर यांना १९५२ मध्ये लॉ स्कूलमधून उत्तम गुणांनी बाहेर पडल्यावर एका मोठ्या फर्मनं सेक्रेटरीची नोकरी देऊ केली होती. त्या न्यायाधीश पहिल्यांदा झाल्या १९७४ मध्ये, ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीच्या कोर्टात. आणि तिथे त्यांना कुणी नेमलं नव्हतं. लोकांनी मतं देऊन निवडून दिलं होतं.